चार हातांचं मीठ

त्या स्वयंपाकघरात बाहेरून आलेली वस्तू एकच होती, ती म्हणजे मीठ. बाकी सगळं आसपासचं. सकाळी चालत निघून दिवेलागणीच्या आत चालत परत आणता येईल तेवढंच शिजवायचं, असा ताईंचा दंडक होता. म्हणून तिथे लिंबू नव्हतं, त्याच्या जागी ओढ्याकाठचा आंबट पाला होता. साखर नव्हती, मध होता. मिरीच्या जागी कसल्याशा रानटी बिया होत्या, त्या चावल्या की जीभ बधिर व्हायची. समुद्र मात्र कुणाला चालत जाऊन आणता येण्यासारखा नव्हता. मिठाच्या दगडी बरणीकडे बोट दाखवून ताई नव्या बायकांना सांगायच्या, "हा आपला एकटाच पाहुणा. त्याला मान द्या, पण डोक्यावर बसवू नका."

नव्या बायका म्हणजे तुरुंगातून सुटलेल्या. हा ताईंचा दुसरा दंडक. शिजवणारे, वाढणारे, भांडी घासणारे सगळे हात शिक्षा भोगून आलेले. बाहेर पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, मोठ्या ताटात मधोमध मूठभर अन्न, आणि ते खायला शहरातली बडी माणसं आधीपासून जागा राखून ठेवायची. ताई त्याला रेस्टॉरंट म्हणायच्या. बायका हॉटेलच म्हणायच्या. सगळ्यांत वडील ती मावशी. ती पीठ मळता मळता म्हणायची, "आपण आत होतो तेव्हा आपल्या हातचं कुत्र्याने खाल्लं नसतं. आता रांग लागते. देवाच्या मनात आलं की तो कशाचं काय करील, सांगता येत नाही बाई."

भोपळ्याच्या सुपाच्या शेगडीवर मुंगी असायची. हे नाव तिला आतच मिळालं. जिवापेक्षा जड ओझं उचलायची आणि कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने चालायची, म्हणून. ती आत गेली तेव्हा तिची लेक नुकती भिंत धरून पावलं टाकायला लागली होती. आता ती शाळेत जात होती, आणि आई म्हणत होती ती मुंगीच्या थोरल्या जावेला. मुंगीला ती काकू म्हणायची. पोरीचा त्यात काय दोष? जिने भरवलं ती आई.

लेक परत मिळावी म्हणून मुंगीने बालकल्याण समितीकडे अर्ज केला होता. समितीच्या बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी सरळ सांगितलं होतं, राहायला खोली हवी, टिकणारं काम हवं, आणि तुम्ही मुलीला नीट सांभाळाल हे मला दिसायला हवं. खोली झाली होती. खिडकीला पडदाही झाला होता, पिवळा, कारण जावेने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं की पोरीला पिवळं आवडतं. आता राहिलं होतं काम. "मी तुमचं काम बघायलाच येते," बाई म्हणाल्या होत्या. "मुलीला आणि जाऊबाईंनाही आणते. तिथेच जेवू, म्हणजे कुणाला अवघडायला नको."

ते जेवण आज दुपारी होतं.

आणि मुंगीला चव लागत नव्हती.

सुटायच्या आधीच्या थंडीत आत तापाची साथ आली होती. ताप उतरला, पण जाताना जीभ आणि नाक दोन्ही घेऊन गेला. गरम कळायचं, गार कळायचं, मऊ की चरबरीत तेही कळायचं. पण गूळ तोंडात घातला काय आणि ओली माती घातली काय, सारखंच. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू, किंवा नाहीही येणार. हे ताईंना सांगायचं कसं? ज्या स्वयंपाकघरात चव घेतल्याशिवाय ताट हलत नाही, तिथे चव गेलेली बाई म्हणजे आंधळा पहारेकरी.

प्रत्येकीजवळ दोन डबे असायचे. एकात धुतलेले चमचे, दुसऱ्यात चव घेऊन झालेले. मधूनमधून ताई दुसऱ्या डब्यात डोकावायच्या. तो रिकामा दिसला की म्हणायच्या, "काय गं, उपास आहे का आज?" मुंगीचा दुसरा डबा नेहमी भरलेला असायचा. ती चमचा तोंडात घालायची, डोळे मिटायची, मान हलवायची आणि चमचा डब्यात टाकायची. नाटक नुसतं.

खरी चव घ्यायची ती शेजारच्या शेगडीवरची घंटी. तिचा आवाज असा, की आत असताना जेवणाची घंटा बिघडली तेव्हा हिलाच ओरडायला लावलं होतं. पण मुंगीसाठी ती आवाज करायची नाही. जाता जाता सूप चाखायची आणि आपल्या कढईच्या काठावर पळी वाजवायची. एकदा वाजली तर मीठ हवं. दोनदा वाजली तर पुरे. मुंगी भीतभीत, मोजून, नेहमी कमीच मीठ घालायची आणि मग पळीची वाट बघायची. असं करत करत तिचं सूप त्या हॉटेलात नावाजलं गेलं होतं. ताई पाहुण्यांना सांगायच्या, "हिचा हात म्हणजे तराजू आहे." ते ऐकलं की मुंगी मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, विनय.

पळीचं हे गुपित फक्त घंटीला ठाऊक आहे, असं मुंगी समजत होती.

आज सकाळी ताई आल्या त्या घाईतच. वाढणारी एक बाई आजारी पडली होती. "घंटी, आज तू बाहेर. समितीच्या बाईंच्या टेबलावर तूच. हसतमुख राहा, आणि बोल, पण बेताने. त्यांना जेवायचंय, कान दुखवून घ्यायचे नाहीत."

"मी? अहो ताई, माझी शेगडी?"

"मी बघते."

घंटीने मुंगीकडे पाहिलं. मुंगीने भोपळ्याकडे. रात्रभर ती याच दिवसाची प्रार्थना करत होती, आणि देवाने पहिलंच काय केलं, तर तिची जीभ उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली.

तरी ती कामाला लागली. निखाऱ्यावर भोपळे भाजले, साल काळी पडेपर्यंत. गर काढला, घोटला, गाळला. पोत तिच्या बोटांना कळायचा, त्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. मीठ तिने रोजच्यासारखंच, भीतभीत, कमी घातलं. मग चमचा तोंडात घालून उभी राहिली. काहीच नाही. नुसतं ऊन, दाट काहीतरी.

पाहुणे यायच्या आधी सगळ्यांनी सगळ्यांचं चाखायचं, ही तिथली रीत. सगळ्या ओळीने उभ्या राहिल्या. भाकरी, कंदाचे काप, मधातली रानबोरं, सगळ्यावर काही ना काही बोलणं झालं. "कापांना जरा धुराचा वास लागलाय." "मध हात आखडून घाल गं, बोरं बुडून मरतील." सूप आलं. मावशीने चाखलं. बाहेरचा एप्रन बांधलेल्या घंटीने चाखलं. ताईंनी चाखलं.

"छान," मावशी म्हणाली.

"छान," घंटी म्हणाली.

ताईंनी एक क्षण मुंगीकडे पाहिलं. "छान," त्याही म्हणाल्या आणि पुढच्या भांड्याकडे वळल्या.

मुंगीचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आज मोजून घातलेलंच बरोबर बसलं. देवा, तुझे उपकार.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. तुरुंगात या बायकांचा एक शब्द होता, पांघरूण. एखादीचं काम अडलं, चुकलं, राहून गेलं, तर जिच्या नजरेस पडेल तिने ते गुपचूप करून टाकायचं. पहाऱ्यावरच्या बाईला सांगायचं नाही, दुसऱ्या कैदिणीला सांगायचं नाही, आणि जिच्यावर पांघरूण घातलं तिलाही सांगायचं नाही. कारण उद्या तिला विचारलं तर तिला शपथेवर म्हणता आलं पाहिजे, मला काही माहीत नाही. आभार मानायची पद्धत नव्हती. रात्री थंडीत कुणीतरी आपल्या अंगावर घोंगडी टाकून जातं, आपण सकाळी उठतो, उबेत असतो, एवढंच.

जेवणाची वेळ जवळ आली तसं मुंगीला या ना त्या कामाला पिटाळणं सुरू झालं. मावशी म्हणाली, "अगं, मागच्या अंगणात लाकडं भिजतायत का बघून ये." लाकडं कोरडीच होती. परत आली तर ताई म्हणाल्या, "मुंगी, कपाटातून मोठे पांढरे वाडगे काढ बरं, आजच्यासाठी." ते काढून आणले. मग गोल काच बसवलेल्या दारातून घंटीने तोंड आत घालून हाक मारली, तिच्या मानाने दबक्या आवाजात, म्हणजे सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल अशी. "मुंगे, आली गं! आली तुझी बाय! ये, बघ इथून. मी तोवर पाणी भरून नेते."

मुंगी काचेपाशी धावली. घंटी पाण्याचा जग घेऊन तिच्यामागून आत गेली.

खिडकीजवळच्या टेबलावर समितीच्या बाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर जाऊबाई, ठेवणीतली साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट. आणि दोघींच्या मध्ये ती. दोन वेण्या, पाय जमिनीला न टेकणारे, आणि चमचे लहानमोठे लावून बघण्यात गर्क. सगळ्यांत लहान चमचा तिने नाकावर चिकटवून पाहिला. जाऊबाईंनी नुसत्या डोळ्यांनी दटावलं. तो खाली ठेवला.

मुंगीला वाटलं, मलाही असं नुसत्या डोळ्यांनी दटावता येईल का कधी?

"वाडगे भरा," ताईंनी हाक दिली.

सूप गेलं. वर आंबट पाल्याच्या हिरव्या तेलाचे थेंब, तेही मुंगीनेच सोडले. मग ती शेगडीपाशी परत आली आणि ओल्या फडक्याने तीच तीच जागा पुसत राहिली.

दार उघडलं ते लाथेने. घंटीच्या हातात ट्रे, ट्रेवर वाडगे, सगळे जवळजवळ भरलेले.

"मुंगे," तिचा आवाज पहिल्यांदाच कुजबुजीचा झाला होता. "मुंगे, हे काय झालं गं! एकजण खोकून खोकून लाल झालाय. दुसरा विचारतोय, समुद्र चालत जाऊन आणलात का?"

ताईंनी एका वाडग्यात चमचा बुडवला, तोंडात घातला आणि तो घोट तसाच सिंकमध्ये थुंकून टाकला. ताई कधी थुंकल्या नव्हत्या.

"मीठ कुणी घातलं?"

"मी," मुंगी म्हणाली. "मोजून घातलं ताई. रोजच्यासारखंच."

"तुझं नाही विचारत. नंतर कुणी घातलं?"

मावशीने पिठाचे हात पुसले. वयाने वाकलेली बाई ताठ उभी राहिली, हजेरीला राहावी तशी. "मी घातलं. चाखलं तेव्हा अळणी होतं. घंटी बाहेर गेलेली. म्हटलं, पोरीचा आजचा दिवस... तिला लाकडं बघायला पाठवलं आणि घातलं मूठभर."

"मावशी, तुला ठाऊक होतं?" मुंगीने विचारलं.

"पळ्या वाजवून सूप शिजवतात का कुठे? मी म्हातारी आहे, बहिरी नाही."

घंटी ट्रे घेऊन तशीच उभी होती. "अगं बाई," ती म्हणाली. "मीपण. आत्ता पाणी भरायला आले तेव्हा. मला काय माहीत तू..."

"आणि मी," ताई म्हणाल्या.

सगळ्या त्यांच्याकडे बघायला लागल्या. ताई भोपळ्यांच्या पोत्यावर बसल्या. "माझंही अळणीच लागलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर ती आज उभी राहिली नसती. वाडगे आणायला पाठवलं आणि घातलं. मला वाटलं, मला एकटीलाच कळलंय." त्यांनी बरणीत डोकावून पाहिलं. "पाहुणा निम्मा संपलाय."

मावशीला हसू फुटलं. मग घंटीला. तिघीजणी तोंडावर हात दाबून, खांदे हलवत हसल्या, आणि एकदम थांबल्या, कारण मुंगी हसत नव्हती.

"बाईंनी तुला बोलावलंय," घंटी खाली बघत म्हणाली. "बाहेर."

ताई उठल्या. "मी येते. मी सांगते चूक स्वयंपाकघराची झाली म्हणून. खोटंही नाही ते. तू फक्त उभी राहा. बाकी आम्ही बघतो."

म्हणजे पुन्हा पांघरूण. मुंगी त्यांच्या मागून निघाली, भिंतीच्या कडेकडेने.

टेबलापाशी ताईंनी हात जोडले, माफी मागितली. मीठ दोनदा पडलं, माझं लक्ष नव्हतं, हिचा दोष नाही. समितीच्या बाई समजूतदारपणे हसल्या. "होतं हो असं. माझ्या घरी तर दर आठवड्याला होतं. बसा तुम्ही, उभ्या का?" मुंगी खुर्चीच्या कडेवर टेकली. बाईंच्या चेहऱ्यावर रागाची रेघही नव्हती. अजून सगळं वाचलं होतं. पाच-दहा मिनिटं अशीच गेली की लेक घरी येणार होती. मुंगीने टेबलाखाली स्वतःचीच बोटं धरून ठेवली.

पोरीने आपला वाडगा पुढे सरकवला. "काकू, खूपच खारट आहे. तू खाऊन बघ."

"असू दे गं," जाऊबाई म्हणाल्या.

"का असू दे? तिने केलंय, तिने खाऊन बघू दे. तूच म्हणतेस ना, आपण केलेलं आपण खायचं."

"घे बाई," जाऊबाई मुंगीकडे न बघता म्हणाल्या. "ही अशीच, तोंडाने फटकळ. कुणावर गेलीय देव जाणे."

मुंगीने लहान चमचा घेतला, मघाचा नाकावरचा. तिचा एक नेम होता. ज्या दिवशी आतलं दार तिच्यामागे बंद झालं त्या दिवसापासूनचा. लेकीचं नाव घेतल्याशिवाय पहिला घास तोंडात घालायचा नाही. आत सगळं काढून घेतात, पण नाव काढून घेता येत नाही. ताप चढला होता तेव्हाही पेज पिण्याआधी तिने ते घेतलं होतं. आताही ओठ आपोआप हलले, आणि तिने चमचा तोंडात घातला.

ऊन. दाट. घशात किंचित खरखर. बाकी काही नाही.

ती दुसरा चमचा घेणार, तेवढ्यात मागून आवाज आला. घंटी शेजारच्या टेबलापाशी उभी होती, ट्रेच्या काठावर चमचा वाजवत. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा. पुरे. पुरे. तोंड वाकडं कर, खोक, काहीतरी कर.

"खारट आहे ना?" पोरीने विचारलं.

हो म्हणायचं होतं. हो गं बाई, फारच, एवढंच. ताईंनी आपली मान पुढे केली होती, मावशी आत देवाचा धावा करत असेल, घंटी ट्रे बडवत होती. सगळ्यांनी मिळून घोंगडी धरली होती, हिने फक्त खाली शिरायचं होतं. मुंगीने तोंड उघडलंही.

"तू माझं नाव घेतलंस," पोर म्हणाली.

"काय?"

"आत्ता. खायच्या आधी. ओठ हलले तुझे. मला कळतं, शाळेत आम्ही तसंच बोलतो बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. का घेतलंस?"

"रोज घेते," मुंगी म्हणाली. "घास घ्यायच्या आधी."

"रोज? मी नसताना पण?"

"तू नसतानाच."

पोर तिच्याकडे बघत राहिली. वेण्यांपैकी एक तिने तोंडात धरली होती, ती सोडली. "मग सांग ना. खारट आहे ना?"

"मला कळत नाही," मुंगी म्हणाली.

ताईंनी डोळे मिटले. ट्रेचा आवाज थांबला.

"मला तापापासून चवच लागत नाही. वासही येत नाही. हे सूप मी अंदाजाने करते आणि चव दुसऱ्या कुणीतरी बघतं. आज माझी लाज राखायला सगळ्यांनी मीठ घातलं, म्हणून असं झालं. त्यांची चूक नाही. मी सांगायला हवं होतं. आधीच."

समितीच्या बाईंनी खुर्ची जवळ ओढली. आवाज चढवला नाही, उलट उतरवला. "वासही येत नाही? खोलीत गॅस आहे ना तुमच्या?"

"हो."

"रात्री गळायला लागला तर? मुलगी शेजारी झोपलेली असेल."

मुंगीने हा विचार केला नव्हता. पडद्याचा रंग ठरवला होता, उशी किती मऊ हवी ते ठरवलं होतं. हे नव्हतं ठरवलं.

"दूध नासलं, अन्न आंबलं, ते कळायला हवं," बाई म्हणाल्या. "तुम्ही खरं बोललात ते मी विसरणार नाही. पण आज मी हो म्हणाले आणि काही झालं, तर तुम्हीच मला माफ करणार नाही. काम कुठलं राहतंय, डॉक्टर काय म्हणतात, ते आधी बघू. तोवर मुलगी आहे तिथेच राहील."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?"

"ते मला आज सांगता येणार नाही."

मुंगीने मान हलवली. रडू आलं नाही. रडू यायलाही अंगात काहीतरी ओलं लागतं.

पोर मोठ्या माणसांचं बोलणं निम्मंच ऐकत होती. तिला वेगळंच नवल पडलं होतं. तिने वाटीतलं मधातलं एक बोर उचललं, खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली आणि ते मुंगीच्या तोंडाशी धरलं. "हे?"

मुंगीने तोंड उघडलं. चिकट बोटं तिच्या ओठांना लागली.

"लागलं काही?"

"नाही."

"हे पण नाही? मग तुला कळतं कसं काय आहे ते?"

"कुणीतरी सांगितलं की कळतं."

"गोड आहे," पोर म्हणाली. "थोडं आंबट. पण गोड."

मुंगी ते बोर चघळत राहिली. बी उरली तरी चघळत राहिली.

निघायच्या वेळी समितीच्या बाई ताईंशी बोलत दारापर्यंत पुढे गेल्या. पोर त्यांच्या मागोमाग, पायरीवरून उड्या मारत. जाऊबाई मागे थांबल्या. पदर सारखा केला, पुन्हा केला.

"तुझ्या नवऱ्याने केलं आणि तू कोर्टात उभी राहून म्हणालीस मीच केलं," त्या म्हणाल्या. "माझा दीर तो. मला तेव्हाच ठाऊक होतं. आज बोललीस तसं तेव्हा खरं बोलली असतीस, तर ही तुझ्याच मांडीवर वाढली असती. आणि माझी ओंजळ रिकामीच राहिली असती, पण भरून ओतायची पाळी तरी आली नसती." त्यांचा आवाज फाटला. "रोज रात्री वाटतं, उद्या नेतील. आज नाही नेलं, तर बरं वाटायला हवं होतं मला. नाही वाटलं बघ."

"जाऊबाई..."

"सुट्टीच्या दिवशी येत जा. तिला खेळताना बघ. एवढं मी करू शकते, याच्यापुढे माझी छाती नाही." आणि त्या भरभर चालत्या झाल्या.

पोरीने रस्त्यावरून वळून हात हलवला. "काकू, जाते!"

"जाते म्हणू नये गं, येते म्हणावं," मुंगी म्हणाली, पण ते इतकं हळू, की दारातल्या पायपुसण्यालाही ऐकू गेलं नसेल.

आत आल्यावर ताईंनी तिच्या कमरेचा शेगडीवरचा जाड एप्रन स्वतःच्या हाताने सोडला. "उद्यापासून चूल नाही. पाला निवडायचा, गर गाळायचा, पीठ. बोटांचं काम. ते तुझ्याइतकं कुणाला येत नाही. समितीला ते चालेल का, मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?"

"बरं," मुंगी म्हणाली.

पाहुणे गेले. बायकांच्या जेवणाची वेळ झाली. ते सगळं सूप ओतून द्यायला कुणाचा हात होईना. मावशीने त्यात पाणी घातलं, उरलेला भोपळा घातला, पुन्हा पाणी घातलं, आणि मोठं पातेलं मधोमध ठेवलं. लांब टेबलाभोवती चौघी बसल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. घंटीसुद्धा गप्प. तशी ती झोपेतच असते.

मुंगीने चमचा भरला आणि थांबली. इतकी वर्षं ओठांत ठेवलेलं नाव आज ओठांत राहीना. तिने ते मोठ्याने घेतलं. त्या बायकांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. तिघींचे चमचे हवेत तसेच थांबले होते, ती घास घेईपर्यंत.

तिने घास घेतला. गिळला. गिळायला वेळ लागला.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

मावशीने चाखलं. काही बोलणार, तशी थांबली. घंटीकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं.

"खारट," मावशी म्हणाली.

"खारट आहे," घंटी म्हणाली.

"अजूनही फार खारट," ताई म्हणाल्या.

मुंगीने मान हलवली, आणि दुसरा चमचा भरला.